विंडोजवरून लिनक्सवर आल्यावर एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर लिहिता येत नसेल तर काय करावे

विंडोज १० च्या सुरक्षा अपडेटची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ची (सुरक्षेसाठीच्या खास चिपची) सोय जुन्या संगणकांत नसल्यामुळे आमच्या सांगली-मिरजेकडच्या अनेक फोटो स्टुडिओवाल्यांनी, शिक्षकांनी आणि छोट्या कार्यालयांनी चालते संगणक भंगारात न घालता त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीच्या आवृत्त्या) बसवून घेतले. संगणक उत्तम चालू लागतो. अडचण येते ती जुनी एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडल्यावर: फायली दिसतात, उघडतात, पण नवी फाईल ठेवायला गेले की ‘पेस्ट’ हा पर्यायच फिका पडलेला असतो, किंवा परवानगी नसल्याचा संदेश येतो.

पुढचा घोटाळा बहुतेकदा घाईमुळे होतो. कोणी इंटरनेटवर सापडलेली पहिली कमांड चालवतो, तर कोणी वैतागून डिस्क फॉरमॅट करून मोकळा होतो. वास्तविक ‘लिहिता येत नाही’ या एकाच तक्रारीमागे अगदी निरनिराळी कारणे असतात आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणावर निरुपयोगी, क्वचित घातकही ठरतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. बहुतेक कामे माउसने होणारी आहेत. जिथे कमांड लागते तिथे तिची अक्षरे सुटी करून सांगितली आहेत. ती टर्मिनलमध्ये (कमांड टंकण्याच्या खिडकीत) रोमन लिपीतच टंकायची आहेत.

टप्पा १: आधी दुसरी प्रत

डिस्कवरच्या फायली वाचता येत आहेत, तोवर त्यांची एक प्रत दुसरीकडे घ्यावी. लिहिण्याचा प्रश्न सुटल्यावर बॅकअप घेऊ, असे म्हणणे म्हणजे क्रम उलटा करणे होय, कारण पुढच्या टप्प्यांतील दुरुस्तीचे प्रत्येक काम डिस्कच्या अंतर्गत नोंदींत फेरफार करते. सगळा डेटा मावेल एवढी जागा नसेल तर निदान पुन्हा मिळू न शकणाऱ्या गोष्टी वेगळ्या काढाव्यात: लग्नाचे मूळ फोटो, हिशोबाच्या फायली, स्कॅन केलेले सातबारे आणि खरेदीखते. गाणी आणि सिनेमे मागे राहिले तरी चालतात.

ही प्रत शक्यतो दुसऱ्या इमारतीत असावी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी मारुती चौकापर्यंत आले, तेव्हा मूळ डिस्क आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटाच्या खालच्या कप्प्यात असणाऱ्यांचे दोन्ही गेले.

सावधान: डिस्कमधून ‘टक्-टक्’ असा ठरावीक अंतराने आवाज येत असेल, किंवा साधी फाईल उघडायला मिनिटे लागत असतील, तर हा परवानगीचा प्रश्न नव्हे. अशा डिस्कवर दुरुस्तीची कोणतीही आज्ञा चालवू नये. जेवढे वाचता येईल तेवढे काढून घ्यावे आणि तिथेच थांबावे.

टप्पा २: विंडोज अजून हाताशी असेल तर तिथे उरकायची कामे

लिनक्स अजून बसवायचे असेल, किंवा घरात दुसरा विंडोज संगणक असेल, तर पुढची चार कामे तिथे करून घ्यावीत. या एका टप्प्याने निम्म्याहून अधिक तक्रारी उद्भवतच नाहीत, असा माझा अनुभव आहे.

१. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाने काय व्हावे हे ठरवणाऱ्या पानावर त्याची चौकट असते. तिच्यातील खूण काढायची. विंडोज ८ पासून ही सोय आलेली आहे. ती चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, तर अर्धवट झोपी जाते आणि जोडलेल्या डिस्कच्या काही नोंदी स्वतःकडे राखून ठेवते. अशा स्थितीत लिनक्सने त्या डिस्कवर लिहिले आणि नंतर विंडोज जागे होऊन आपल्याकडच्या शिळ्या नोंदींनुसार काम करू लागले, तर फायलींचा चुराडा होतो. म्हणून लिनक्स लिहायला नकार देते. हा नकार तुमच्या भल्यासाठीच असतो.

२. डिस्क तपासून घ्यावी. ‘धिस पीसी’मध्ये डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, आणि तिथे ‘चेक’.

३. डिस्कला बिटलॉकर या विंडोजमधल्या सोयीचे कुलूप आहे का ते पाहावे. असल्यास पासवर्ड आठवतो का याची खात्री करावी आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. ती त्याच डिस्कवरच्या फाईलमध्ये ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

४. डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘फाइल सिस्टम’ (डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत) या शब्दांपुढे काय लिहिले आहे ते टिपून ठेवावे, आणि मग टास्कबारवरील चिन्हातून ‘इजेक्ट’ करूनच डिस्क काढावी.

पडताळणी: फास्ट स्टार्टअप बंद करण्याचा पर्याय सापडत नसेल तर शिफ्ट कळ दाबून धरून शट डाउन करावे, त्या वेळेपुरते विंडोज पूर्ण बंद होते.

टप्पा ३: केबल, पोर्ट आणि वीज

हा टप्पा लहान आहे, पण तो गाळू नये. छोट्या, खिशात मावणाऱ्या डिस्क आपली वीज यूएसबीतूनच घेतात. यूएसबी २ च्या पोर्टातून ५०० मिलिॲम्पिअर आणि यूएसबी ३ च्या पोर्टातून ९०० मिलिॲम्पिअरपर्यंत वीज मिळते. वाचताना जेमतेम चालणारी डिस्क मोठी फाईल लिहिताना मध्येच गळते, ती पुष्कळदा वीज अपुरी पडल्यामुळे. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आणि स्वस्त हब टाळून डिस्क पाठीमागच्या पोर्टात थेट जोडावी. वीज जाऊन येऊन असेल तर यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर मोठी कॉपी सुरू करू नये, लॅपटॉप बरा.

टप्पा ४: डिस्कची ओळख पटवणे

लिनक्स मिंट आणि उबुंटू या दोन्हींत ‘डिस्क्स’ नावाचे साधन असते. ते उघडल्यावर डावीकडे संगणकाला जोडलेल्या सर्व डिस्कची यादी दिसते. आपली डिस्क तिच्या नावावरून आणि आकारावरून ओळखावी. इथे अनेकजण गोंधळतात, कारण विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसणारी डिस्क लिनक्समध्ये १ टीबी दिसते. डिस्क तीच असते. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते आणि हे साधन १००० च्या पटीत, एवढाच फरक आहे.

डिस्कवर क्लिक केले की उजवीकडे तिचे भाग आडव्या पट्टीत दिसतात. त्यांपैकी मोठा भाग निवडावा आणि खाली ‘कंटेंट्स’ या शब्दापुढे काय लिहिले आहे ते वाचावे. तिथे साधारणपणे एनटीएफएस, एक्सफॅट, फॅट, ईएक्सटी४, बिटलॉकर किंवा मॅकची एचएफएस प्लस अथवा एपीएफएस यांपैकी एक नाव असते. हे नाव कागदावर लिहून घ्यावे, कारण पुढचा संपूर्ण टप्पा त्यावर अवलंबून आहे.

त्याच खिडकीत वरच्या तीन ठिपक्यांच्या मेन्यूत ‘स्मार्ट डेटा’ असा पर्याय असतो. तो निवडता येत असेल तर डिस्कची प्रकृती पाहून घ्यावी. काही यूएसबी डब्या (डिस्कची बाहेरची कवचे) ही माहिती पुढे पाठवत नाहीत आणि पर्याय फिका दिसतो. त्यावरून डिस्क बिघडली असे समजू नये.

सावधान: या साधनात ‘फॉरमॅट’ हा शब्द मेन्यूत हाताशीच असतो. या टप्प्यावर फक्त वाचायचे आहे, काहीही निवडायचे नाही.

टप्पा ५: संदेश वाचून योग्य उपाय करणे

आता फाईल मॅनेजरमध्ये डिस्क उघडावी, एखादी छोटी फाईल तिच्यात ठेवून पाहावी आणि संदेश शब्दशः वाचावा. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे डिस्क लिहायला तयार आहे, पण तुमच्या खात्याला अधिकार नाही. ‘रीड-ओन्ली’ म्हणजे लिनक्सने ती डिस्कच केवळ वाचण्यापुरती उघडली आहे. डिस्क मुळात उघडतच नसेल आणि ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ असा लांबलचक संदेश येत असेल, तर तो वाटतो तेवढा भयंकर नसतो. एनटीएफएस डिस्कच्या बाबतीत त्याचा अर्थ बहुधा ‘ही डिस्क आधी नीट बंद केलेली नाही’ एवढाच असतो.

*एनटीएफएस असल्यास*

विंडोजवर वापरलेली मोठी डिस्क बहुधा याच प्रकारची असते. लिनक्सला एनटीएफएसवर लिहिता येते. त्यासाठी पूर्वीपासूनचा एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर (डिस्क वाचण्या-लिहिण्याचे काम करणारा प्रोग्राम) आहे, आणि २०२१ मध्ये आलेल्या ५.१५ या कर्नलपासून (लिनक्सच्या गाभ्याच्या आवृत्तीपासून) एनटीएफएस३ हा नवा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. त्यामुळे वेगळे काही विकत घेण्याची किंवा बसवण्याची गरज सहसा पडत नाही. अडथळा असतो तो डिस्कवरच्या एका खुणेचा. डिस्क इजेक्ट न करता ओढून काढली, किंवा विंडोज अर्धवट झोपलेले असताना काढली, तर ‘इथले काम अपुरे राहिले आहे’ अशी खूण तिच्यावर शिल्लक राहते. जुना ड्रायव्हर अशी अर्धवट झोपेतली डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतो, आणि नवा ड्रायव्हर खूण पाहून ती उघडायलाच नकार देतो.

योग्य उपाय असा: ती डिस्क कोणत्याही विंडोज संगणकाला जोडावी, टप्पा २ मध्ये सांगितल्याप्रमाणे ‘चेक’ चालवावे, ते पूर्ण होऊ द्यावे आणि नीट इजेक्ट करून परत आणावी. मोठ्या डिस्कवर तपासणीला बराच वेळ लागतो. मध्ये कंटाळून केबल काढली तर स्थिती पहिल्यापेक्षा वाईट होते.

विंडोज संगणक कुठेच मिळत नसेल तर ‘डिस्क्स’मध्ये दातेरी चक्राच्या मेन्यूतील ‘रिपेअर फाइलसिस्टम’ हा पर्याय आहे. मात्र एनटीएफएससाठी त्यामागे जे साधन चालते ते विंडोजच्या तपासणीची बरोबरी करत नाही. ते काही ठरावीक चुका दुरुस्त करते, जर्नल (चालू बदलांची नोंदवही) कोरे करते आणि बाकीची तपासणी पुढे कधीतरी विंडोजने करावी अशी नोंद ठेवते. म्हणजे दार उघडते, पण आत काय पडले-मोडले आहे ते कोणी पाहिलेले नसते. टप्पा १ मधील प्रत घेतलेली नसेल तर हा पर्याय वापरू नये.

सावधान: ‘फोर्स’ हा शब्द घालून डिस्क जबरदस्तीने उघडण्याच्या कमांड इंटरनेटवर जागोजागी सापडतात. त्या खूण पुसत नाहीत, दुर्लक्षित करतात. फोटोंचा एकमेव संच असलेल्या डिस्कवर त्या चालवू नयेत.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करावा. मालकी बदलण्याची जी कमांड पुढे ईएक्सटी४ साठी सांगितली आहे, ती एनटीएफएस आणि एक्सफॅटवर चालवून उपयोग नसतो. तिथे मालक कोण हे सहसा डिस्कवरून न ठरता डिस्क उघडतानाच ठरते. लोक ती कमांड चालवतात, काही फरक पडत नाही, म्हणून आणखी तीव्र कमांड शोधतात.

*ईएक्सटी४ असल्यास*

ही लिनक्सची स्वतःची पद्धत. डिस्क पूर्वी दुसऱ्या लिनक्सवर वापरलेली असेल, किंवा दुकानदाराने जीपार्टेड या साधनाने ईएक्सटी४ करून दिलेली असेल, तर ‘परमिशन डिनाइड’ हा संदेश पुष्कळदा येतो. कारण असे की ईएक्सटी४ प्रत्येक फाईलबरोबर मालकाची नोंद ठेवते आणि ती नावाने नव्हे, तर क्रमांकाने ठेवते. मिंट आणि उबुंटूवर पहिल्या खात्याचा क्रमांक १०००, दुसऱ्याचा १००१ असा चढत जातो. जुन्या संगणकावर आधी वडिलांचे आणि मग मुलीचे खाते उघडले असेल, आणि नव्यावर क्रम उलटला असेल, तर वडिलांच्या फायली मुलीच्या नावे दिसतात आणि मुलीच्या वडिलांच्या. जीपार्टेडने केलेल्या कोऱ्या डिस्कवर तर मालक ‘रूट’ (संगणकाचे सर्वाधिकारी खाते) असतो, म्हणून तिथे कोणालाच काही ठेवता येत नाही.

उपाय सोपा आहे. ‘डिस्क्स’च्या नव्या आवृत्त्यांत दातेरी चक्राच्या मेन्यूत ‘टेक ओनरशिप’ हा पर्याय असतो. तो निवडून पासवर्ड द्यावा. डिस्क कोरी असेल तर एवढे पुरते. तिच्यावर आधीच्या फायली असतील आणि त्या सर्व तुमच्याच असतील, तर आतील सर्व फोल्डरांनाही बदल लागू करण्याची खूण करावी.

तो पर्याय नसेल तर टर्मिनल उघडावे. आधी एस-यू-डी-ओ हा शब्द आणि एक जागा सोडावी. मग सी-एच-ओ-डब्ल्यू-एन आणि एक जागा. मग डॉलरचे चिन्ह व त्याला चिकटून मोठ्या अक्षरांत यू-एस-ई-आर आणि पुन्हा एक जागा. इथे मार्ग हाताने टंकू नये. फाईल मॅनेजरमधून डिस्कचे फोल्डर माउसने ओढून टर्मिनलच्या खिडकीत सोडावे. पूर्ण मार्ग अवतरणचिन्हांसह आपोआप लिहिला जातो. ‘लग्न फोटो’ अशी मध्ये जागा असलेली नावे हाताने टंकताना मार्गाचे दोन तुकडे होतात आणि कमांड भलत्याच फोल्डरवर चालू शकते. टंकलेली ओळ एकदा वाचावी, मगच एंटर दाबावे.

सावधान: ‘सर्वांना सर्व अधिकार’ देणारी ७७७ आकड्याची कमांड हा इलाज नाही. तिने फाईल ठेवता येते, पण मालकी चुकीचीच राहते, आणि पुढे त्या डिस्कवरून खासगी कागदपत्रे कोणीही बदलू शकतो.

*एक्सफॅट आणि फॅट३२ असल्यास*

या दोन्हींत मालकीची भानगड नाही. ज्याने डिस्क उघडली त्याला लिहिता येते. एक्सफॅटची डिस्क ‘रीड-ओन्ली’ दिसत असेल तर लिनक्सला तिच्या नोंदींत चूक आढळलेली असते आणि नुकसान वाढू नये म्हणून त्याने लिहिणे थांबवलेले असते. ती विंडोजवर तपासावी, किंवा ‘एक्सफॅटप्रोग्ज’ हे पॅकेज बसवून ‘डिस्क्स’मधून दुरुस्त करावी. एक्सफॅटला जर्नल नसते, त्यामुळे केबल ओढून काढण्याची सवय तिला सर्वांत महाग पडते.

फॅट३२ ची अडचण वेगळी आहे. डिस्कवर शेकडो जीबी मोकळे असले तरी ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकही फाईल तिच्यावर मावत नाही. लग्नाचा सलग व्हिडिओ ठेवताना ‘फाईल फार मोठी आहे’ असा संदेश आला, तर परवानग्या तपासत बसू नये. अशा डिस्कवरचा डेटा काढून घेऊन ती एक्सफॅट करणे हाच मार्ग.

*बिटलॉकर आणि मॅकच्या डिस्क*

बिटलॉकरची डिस्क जोडल्यावर अलीकडच्या उबुंटू आणि मिंटमध्ये पासवर्ड मागणारी खिडकी येते. तो दिला की आतला एनटीएफएस भाग उघडतो आणि त्यापुढे वरचेच नियम लागू होतात. मॅकवर जर्नलसह केलेली एचएफएस प्लस डिस्क लिनक्सवर फक्त वाचता येते, आणि एपीएफएसला लिनक्सच्या कर्नलमध्ये आधारच नाही. उलट बाजूने पाहिले तर मॅक एनटीएफएस वाचतो, पण स्वतःहून तिच्यावर लिहीत नाही. मॅक वापरणाऱ्या डिझायनरबरोबर डिस्क फिरवायची असेल तर ती एक्सफॅटच असावी.

टप्पा ६: छोटी चाचणी

उपाय केल्यावर लगेच सगळा डेटा ओतू नये. डिस्कवर ‘चाचणी’ नावाचे फोल्डर करावे, त्यात एक साधी मजकुराची फाईल आणि एक-दोन फोटो ठेवावेत, एका फाईलचे नाव बदलावे, एक फाईल काढून टाकावी. मग डिस्क नीट बाहेर काढून पुन्हा जोडावी आणि केलेले बदल टिकले आहेत का ते पाहावे.

पडताळणी: पुन्हा जोडल्यावर डिस्क परत ‘रीड-ओन्ली’ झाली असेल तर टप्पा ५ पुन्हा करण्याआधी केबल बदलून पाहावी. वरचेवर असे होणे हे डिस्क किंवा तिची डबी थकल्याचे लक्षण असते.

टप्पा ७: प्रत्यक्ष कॉपी, आणि नावांची अडचण

कॉपी सुरू झाली आणि मध्येच अडली, तर बहुतेकांना पुन्हा परवानगीचीच शंका येते. पण या टप्प्यावर बहुधा नावे आडवी येतात.

लिनक्सवर फाईलच्या नावात कोलन (:), प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह, तारा किंवा उभी रेघ चालते. विंडोजला यांपैकी काहीही चालत नाही. ‘सभा १०:३०’ असे नाव दिलेली फाईल ईएक्सटी४ वर सुखाने राहते, पण एक्सफॅटवर कॉपी होत नाही. एनटीएफएसवर ती काही वेळा जाते, आणि मग विंडोजवर उघडत नाही, म्हणजे तक्रार आणखी महिन्याभराने येते. अशी चिन्हे आधीच काढून टाकून त्या जागी आडवी रेघ द्यावी.

मराठीत नावे देणाऱ्यांसाठी दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी सांगत नाही. एनटीएफएसवर फाईलचे नाव २५५ वर्णांपर्यंत असू शकते. ईएक्सटी४ ची मर्यादाही २५५ चीच, पण ती वर्णांची नसून बाइटची (संगणकातील साठवणीच्या छोट्या एककाची) आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी वर्णाला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र वर्ण मोजले जातात. म्हणजे मराठी नावाला जेमतेम ८५ वर्णांची जागा मिळते. ‘दिनांक १५ ऑगस्ट रोजी झालेल्या ग्रामसभेचे इतिवृत्त व उपस्थितांच्या सह्यांची यादी अंतिम सुधारित प्रत’ हे नाव पाहा. ग्रामपंचायतीच्या संगणकावर असे नाव मुळीच दुर्मीळ नाही. मधल्या १३ मोकळ्या जागा धरून ते २६८ बाइटचे होते. विंडोजच्या डिस्कवर ते वर्षानुवर्षे नांदते. लिनक्सच्या होम फोल्डरात कॉपी करताना मात्र ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून अडते. डिस्क एनटीएफएसवरून ईएक्सटी४ करण्याचा विचार असेल तर लांब मराठी नावे आधी शोधून आखूड करावीत. ‘ग्रामसभा इतिवृत्त १५ ऑगस्ट’ एवढ्यानेही काम भागते.

तिसरी अडचण जागेची. लिनक्समधून डिस्कवरची फाईल ‘डिलीट’ केली की ती पुष्कळदा त्याच डिस्कवरच्या एका लपलेल्या ट्रॅश फोल्डरात जाते आणि जागा अडवून बसते. डिस्क जोडलेली असतानाच कचरापेटी रिकामी करावी. ईएक्सटी४ वर याशिवाय ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवलेली असते. १ टीबीच्या डिस्कवर ती ५० जीबी भरते. त्यामुळे ‘जागा आहे तरी जागा नाही’ असे वाटले तर चक्रावून जाऊ नये.

वेळेचा अंदाज आधी घ्यावा. यूएसबी २ वर सेकंदाला सुमारे ३५ एमबीचा वेग धरला तर ५०० जीबीला चार तास लागतात. यूएसबी ३ वर फिरत्या चकत्यांच्या डिस्कला १०० एमबीचा वेग मिळाला तर तेच काम दीड तासाच्या आत होते, पण हजारो छोटे फोटो असतील तर दोन्ही हिशेब लांबतात. एका दमात सगळे ओढून टाकण्यापेक्षा वर्षवार किंवा समारंभवार फोल्डर एकेक करून न्यावे. अडले तर कुठे अडले ते कळते.

सावधान: ‘कट’ आणि ‘पेस्ट’ वापरू नये. कॉपी करावी, पडताळावी, आणि मगच मूळ फाईल काढावी.

टप्पा ८: डिस्क काढणे आणि प्रत तपासणे

कॉपीची पट्टी पूर्ण भरली म्हणजे काम झाले, ही सर्वांत पसरलेली चूक. लिनक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत घेते आणि मागाहून डिस्कवर उतरवते. त्यामुळे पट्टी संपल्यावरही कित्येक जीबी उतरायचे बाकी असू शकतात. फाईल मॅनेजरमध्ये डिस्कच्या नावापुढील बाणावर क्लिक करून ती बाहेर काढावी. ‘डेटा लिहिला जात आहे, डिस्क काढू नका’ अशा अर्थाची सूचना आली तर ती जाईपर्यंत थांबावे. दहा मिनिटे लागली तरी संगणक अडकला आहे असे समजून बटण दाबू नये. डिस्कवरचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे.

त्यानंतर डिस्क पुन्हा जोडून तपासावे. काढून जोडणे महत्त्वाचे, कारण लगेच तपासले तर फाईल डिस्कवरून न येता मेमरीतून दाखवली जाऊ शकते. मूळ फोल्डर आणि प्रत या दोन्हींवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि एकूण बाइट ताडून पाहावेत. सर्वांत मोठे दोन-तीन व्हिडिओ अगदी शेवटापर्यंत सरकवून पाहावेत. अर्धवट उतरलेला व्हिडिओ सुरुवातीला नीटच चालतो. हिशोब किंवा कायदेशीर कागद असतील तर ‘जीआरसिंक’ हे साधन चेकसमचा पर्याय निवडून आणि ‘ड्राय रन’ ठेवून चालवावे. काहीही न लिहिता ते दोन्हीकडच्या फायली आतून ताडते आणि वेगळ्या असलेल्यांची यादी देते. यादी रिकामी आली की प्रत बिनचूक आहे.

टप्पा ९: फॉरमॅट करायचेच असेल तर

इथपर्यंत येऊन, दोन पडताळलेल्या प्रती हातात असतील, तरच हा टप्पा. डिस्क फक्त लिनक्सवरच वापरायची असेल तर ईएक्सटी४ निवडावी. विंडोज, मॅक, लिनक्स असे सगळीकडे न्यायची असेल तर एक्सफॅट. मुख्य वापर विंडोजवर आणि अधूनमधून लिनक्सवर असेल तर एनटीएफएस आहे तशी राहू द्यावी. केवळ एकदा लिहिता आले नाही म्हणून ती बदलण्याचे कारण नाही.

फॉरमॅट ‘डिस्क्स’मधून करावे, म्हणजे ईएक्सटी४ ची मालकी थेट तुमच्या खात्याकडे येते आणि टप्पा ५ मधील रूटची अडचण उद्भवत नाही. शक्य असल्यास त्या वेळी बाकीच्या सर्व डिस्क काढून ठेवाव्यात आणि ‘फॉरमॅट’ दाबण्यापूर्वी आकार आणि मॉडेलचे नाव मोठ्याने वाचावे. डिस्कला नाव देताना रोमन अक्षरे वापरावीत: ईएक्सटी४ च्या नावाला केवळ १६ बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीचे पाच वर्ण. त्यात ‘सांगली’देखील मावत नाही, कारण तिच्यात स, काना, अनुस्वार, ग, ल आणि दीर्घ वेलांटी असे सहा वर्ण आहेत.

ईएक्सटी४ केलेली डिस्क एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात किंवा कार्यालयात विंडोज संगणकाला जोडली गेली, तर विंडोजला ती वाचता येत नाही आणि ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ अशी खिडकी ते पुढे करते. काउंटरवरचा मुलगा सवयीने ‘फॉरमॅट’ दाबून मोकळा होतो. डिस्क स्वतःच्या हाताने जोडावी, ती खिडकी आली की ‘कॅन्सल’ दाबावे, आणि डिस्कच्या पाठीवर ‘लिनक्सची डिस्क, फॉरमॅट करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवून ठेवावी. दुकानात न्यायच्या फायलींसाठी एक्सफॅटचा एखादा लहान पेन ड्राइव्ह वेगळा ठेवलेला बरा.